फिकट पिवळा : शेजारावर जगणारा रंग

मराठीत रंगांच्या नावांची उणीव नाही. तरीही उबदार, फिकट पिवळ्या रंगाला सर्वमान्य असे एक नाव नाही. कापडाच्या दुकानात तो 'क्रीम' असतो, साड्यांच्या गादीवर 'मोतिया' होतो, घरातल्या बोलण्यात 'सायीसारखा' किंवा 'लोण्यासारखा' म्हणून ओळखला जातो. जुन्या घराची डागडुजी करणारा रंगारी चुन्यात 'पिवडी' किती घालायची एवढेच विचारतो. सोलापूर जिल्ह्यातील शेतकऱ्याच्या डोळ्यांपुढे मात्र या वर्णनाने बहुधा कडबाच उभा राहील. ही सारी नावे तंतोतंत एकाच छटेची नव्हेत. पण ती ज्या कुटुंबातील आहेत, ते कुटुंब एकच. पांढऱ्यापासून थोडे दूर, हळदीपासून बरेच अलीकडे आणि लिंबाच्या हिरवट पिवळ्याशी सोयरीक नसलेले.

या कुटुंबाची अडचण अशी, की त्याच्या शेजारीच एक बदनाम शब्द राहतो. 'पिवळे पडणे' हा मराठीत दोषच आहे. कापड पिवळे पडते, कागद पिवळा पडतो, आजारी माणसाचा चेहरा पिवळा पडतो. दुकानदाराने उलगडलेली क्रीम रंगाची चादर पाहून गिऱ्हाईक 'जुना माल तर नव्हे?' असे विचारते, ते या अनुभवातूनच. मुद्दाम निवडलेला फिकट पिवळा आणि जुनाट होऊन आलेला पिवळेपणा यांत रंगद्रव्याच्या दृष्टीने कित्येकदा फारसे अंतर नसते. अंतर असते ते त्याच्या बाजूला काय ठेवले आहे याचे. या रंगाचा वापर शिकणे म्हणजे मुख्यतः त्याचे शेजार निवडायला शिकणे होय.

उबदारपणा कशात असतो, हे संगणकाच्या पडद्यावर आकड्यांत पाहता येते. पडद्यावरचा प्रत्येक रंग लाल, हिरव्या व निळ्या प्रकाशाच्या मिश्रणाने बनतो आणि प्रत्येकाचे माप ० ते २५५ असे दिले जाते. पूर्ण पांढऱ्यात तिन्ही २५५ असतात. 'आयव्हरी' म्हणजे हस्तिदंती रंगाचे आकडे २५५, २५५, २४० असे आहेत, तर 'कॉर्नसिल्क' या मक्याच्या कणसावरील केसांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या रंगाचे २५५, २४८, २२०. 'लेमन शिफॉन' २५५, २५०, २०५ आहे आणि 'व्हीट' म्हणजे गव्हाळ रंग २४५, २२२, १७९. निळा जितका कमी होतो तितका पिवळा गडद होतो, हे उघडच आहे. त्याहून उपयोगी गोष्ट पहिल्या दोन आकड्यांत आहे. लाल आणि हिरवा समान असतील तर पिवळा थंड, काहीसा लिंबाकडे झुकणारा वाटतो. हिरवा लालपेक्षा थोडा मागे राहिला की ऊब येते. हस्तिदंतीत हे अंतर शून्य, कॉर्नसिल्कमध्ये सात आणि गव्हाळात तेवीस आहे. लेमन शिफॉन कॉर्नसिल्कहून अधिक पिवळा असूनही कमी उबदार भासतो, त्याचे कारण हेच. शेडकार्डावर बोट ठेवून 'हा नको, हिरवट दिसतो' असे म्हणणारी गृहिणी हा हिशेब डोळ्यांनीच करीत असते.

काळी माती आणि कडबा

या रंगाची सर्वांत देखणी मांडणी सोलापूरच्या परिसरात कोणा रचनाकाराने केलेली नाही. रब्बीची ज्वारी काढल्यानंतर, फेब्रुवारी-मार्चमध्ये मंगळवेढ्याच्या किंवा मोहोळच्या शिवारात काळ्याभोर जमिनीवर कडब्याच्या पेंढ्या पडलेल्या असतात. मातीचा काळा हा निखळ काळा नव्हे. त्यात तपकिरी आणि करडी झाक असते. त्यावर कडब्याचा फिकट पिवळा कोणत्याही पांढऱ्यापेक्षा अधिक उजळ आणि अधिक शांत दिसतो. मंगळवेढ्याची मालदांडी ज्वारी भौगोलिक मानांकन मिळण्याइतकी नावाजलेली आहे. तिचा दाणा मोत्यासारखा म्हणतात, तेव्हा त्या मोत्यातही शुभ्रपणापेक्षा हीच फिकट पिवळी झाक अभिप्रेत असते.

कडब्याच्या बाबतीत तर हा रंग थेट पैशांशी जोडलेला आहे. चांगल्या उन्हात वाळलेला कडबा पिवळसर राहतो. अवकाळी पावसात भिजला की काळवंडतो आणि त्याचा भाव उतरतो. बाजारात पेंढी हातात घेणारा शेतकरी आधी रंग पाहतो. म्हणजे ज्या जिल्ह्यात 'पिवळे पडलेले' कापड नाकारले जाते, त्याच जिल्ह्यात पिवळा राहिलेला कडबा खात्रीचा मानला जातो. रंगाला स्वतःचा अर्थ नसतो, तो संदर्भातून येतो, हे सांगायला याहून जवळचे उदाहरण शोधावे लागू नये.

या मांडणीत एक प्रमाणही दडलेले आहे. काळा पुष्कळ, पिवळा थोडा आणि तिसरा रंग जवळजवळ नाहीच; असलाच तर बांधावरच्या बाभळीचा धुरकट हिरवा. फिकट पिवळ्यासाठी रंगसंगती जमवताना अनेकांची चूक होते ती इथे. पिवळा फिकट आहे म्हणून त्याच्याबरोबर गुलाबी, आकाशी, पिस्ता असे सगळेच फिकट रंग घेतले जातात. परिणामी सगळेच मवाळ होतात आणि पिवळा त्यात सर्वांत आधी हरवतो. त्याला निदान एक भारदस्त, गडद सोबती हवा असतो.

गोबलँच्या विणकरांची तक्रार

शेजारी रंग एकमेकांना बदलतात, हे शास्त्र म्हणून मांडले गेले तेही मागाच्या आवाजातच. फ्रान्समधील रसायनशास्त्रज्ञ मिशेल युजीन शेव्हरल यांची १८२४ मध्ये पॅरिसच्या गोबलँ या सरकारी विणकाम कारखान्यात रंगविभागाचे संचालक म्हणून नेमणूक झाली. तेथे तक्रार अशी होती, की निळ्या व जांभळ्या वस्त्रांच्या सावल्या दाखवण्यासाठी वापरलेली काळी लोकर पुरेशी काळी दिसत नाही. शेव्हरल यांनी इतर ठिकाणच्या काळ्या लोकरीशी ती ताडून पाहिली. लोकरीत खोट नव्हती, रंगात नव्हती; खोट होती ती शेजारात. निळ्याजवळ ठेवलेला काळा डोळ्याला फिका आणि तांबूस भासत होता. या शोधावर उभा राहिलेला त्यांचा ग्रंथ १८३९ मध्ये प्रसिद्ध झाला आणि पुढे चित्रकारांनीही तो उचलून धरला. रंगकामाची तक्रार निवारताना दृष्टीचा नियम हाती लागावा, हा योग विणकरांच्या गावाला विशेष जवळचा वाटावा असा आहे.

नियम थोडक्यात असा : दोन रंग शेजारी आले की डोळा त्यांच्यातील फरक वाढवून दाखवतो. गडद रंगाजवळ फिकट अधिक फिकट दिसतो आणि प्रत्येक रंग दुसऱ्याला आपल्या विरोधी रंगाकडे ढकलतो. फिकट पिवळ्याला हा नियम लावला की बरीच कोडी सुटतात. निळसर करड्याजवळ तो अधिक पिवळा व अधिक ऊबदार होतो, कारण निळा त्याला पिवळ्याकडेच ढकलतो. डाळिंबी किंवा मरून रंगाजवळ तो उजळतो. याउलट त्याच्या शेजारी भडक पिवळा आणला, की त्याचा पिवळेपणाच काढून घेतला जातो. सोलापूरजवळच्या बाळ्याच्या खंडोबाच्या यात्रेत भंडारा उधळला जातो, तेव्हा त्या पिवळ्या गर्दीत क्रीम रंगाचा सदरा घातलेला माणूस पांढऱ्याच कपड्यांत आहे असे वाटते. बापलेकासारखे दिसणारे हे दोन पिवळे एकत्र नांदत नाहीत.

सर्वांत धोक्याचा शेजारी मात्र शुभ्र पांढरा. शुभ्र पांढऱ्याला लागून असलेला फिकट पिवळा पिवळा दिसत नाही, मळका दिसतो. गिऱ्हाइकाच्या मनातील जुन्या मालाची शंका इथेच जन्म घेते. अलीकडच्या कापडांत पांढऱ्या सुताला जे उजळक लावतात, ते उन्हातील अदृश्य अतिनील किरण शोषून निळसर प्रकाश परत देतात. त्यामुळे हा पांढरा प्रत्यक्षात निळाकडे झुकलेला असतो आणि पिवळ्यावर अधिकच अन्याय करतो. फिकट पिवळ्यासोबत पांढरा हवाच असेल, तर तो न धुतलेल्या सुताचा, चुन्याचा किंवा दुधाचा असावा. दोघांत अंतर स्पष्ट ठेवावे, अथवा मध्ये गडद रेघ घालावी. साडीच्या काठालगतची बारीक रेघ हे काम किती पिढ्यांपासून करीत आली आहे.

चादरीची पाठ आणि पोट

शेव्हरल यांचा नियम घरबसल्या पडताळून पाहायचा असेल, तर सोलापुरी चादरीएवढे सोयीचे साधन नाही. १८७० च्या दशकात येथे कापड गिरणी उभी राहिली, पुढे आणखी गिरण्या आल्या, तेलुगूभाषक पद्मशाली विणकरांच्या वस्त्या वाढल्या आणि गिरण्या बंद पडल्यानंतरही यंत्रमागांनी शहराचे नाव कापडाशी जोडलेले ठेवले. येथील चादर व टेरी टॉवेल या दोहोंना भौगोलिक मानांकन आहे. जेकार्ड मागावरच्या या जाड चादरीचे वैशिष्ट्य म्हणजे तिची दोन्ही अंगे वापरण्याजोगी असतात आणि नक्षी दोन्हीकडे उलट्या रंगांत उमटते. एका अंगावर फिकट पिवळ्या जमिनीवर मरून फुले असतील, तर दुसऱ्या अंगावर मरून जमिनीवर फिकट पिवळी फुले असतात.

सूत तेच, रंगाचा लॉट तोच. तरी चादर उलटवली की पिवळा बदलतो. जमीन म्हणून पसरलेला पिवळा शांत, काहीसा पिठूळ दिसतो आणि मरूनला पुढे येऊ देतो. फूल म्हणून आलेला तोच पिवळा उजळतो, दिव्यासारखा वाटतो आणि आकारानेही किंचित मोठा भासतो. म्हणून नक्षीकाराने या रंगाला कोणते काम द्यायचे, हे आधी ठरवावे लागते. जमीन करायची असेल तर छटा थोडी भरीव घ्यावी. नक्षीसाठी घ्यायची असेल तर बरीच फिकी चालते, कारण उरलेले काम गडद जमीन करते.

सूत बारीक असेल आणि दोन रंग दाट मिसळले असतील, तर आणखी एक घटना घडते. हातात धरलेल्या कापडात वेगळे दिसणारे धागे चार-सहा हातांवरून एकमेकांत मिसळून एकच रंग दाखवतात. फिकट पिवळा मरूनबरोबर मिसळला की विटकरी, उबदार छटा निघते. गडद निळ्याबरोबर मिसळला की हिरवा येईल अशी अपेक्षा असते. येतो तो राखाडी, धुरकट रंग. कागदावर रंगपेटीतले रंग कालवणे आणि डोळ्यांत धागे मिसळणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पिवळा-निळा एकत्र हवा असेल तर पट्टे रुंद ठेवावेत, बारीक चौकडा टाळावा.

टॉवेलमध्ये वेगळाच खेळ दिसतो. उभ्या फासांच्या मध्ये सावली साठते, त्यामुळे फासांच्या भागात रंग गडद आणि काठाच्या सपाट पट्टीत तोच रंग फिका दिसतो. गडद छटांत हा फरक लक्षात येत नाही, फिकट पिवळ्यात येतो. पट्टीसाठी वेगळ्या रंगाचे सूत वापरण्याची पद्धत दिसते, ती केवळ शोभेसाठी नव्हे, असे मानायला जागा आहे.

वीस ग्रॅमचा हिशेब

एवढा गुणी रंग असूनही मरून, गडद हिरवा आणि निळा यांच्याच चादरींचा ढीग का लागतो? उत्तर रंगघरात आणि मागावर आहे. गडद रंग झाकतो, फिकट रंग दाखवतो. मागाच्या तेलाचा शिंतोडा, लोखंडी भागाचा गंज, हाताळणीचा मळ, सुतातील गाठ, यांतील काहीही फिकट पिवळ्यावर लपत नाही. डाग पडलेला नग 'सेकंड' म्हणून कमी भावात जातो आणि तो तोटा बहुतेक वेळा छोट्या कारखानदाराच्या किंवा विणकराच्या माथी येतो. स्वस्त कृत्रिम धाग्याच्या ब्लँकेटांशी स्पर्धा करणाऱ्या धंद्यात ही जोखीम लहान नाही.

रंगकामाचे गणितही फिकट छटेला प्रतिकूल असते. समजा, एखाद्या गडद मरूनसाठी सुताच्या वजनाच्या ४ टक्के रंगद्रव्य लागते. १०० किलो सुताला ते ४ किलो होईल. वजन करताना २० ग्रॅमची चूक झाली, तर फरक अर्ध्या टक्क्याचा. तो कोणाच्या लक्षात येणार नाही. फिकट पिवळ्यासाठी ०.२ टक्के रंगद्रव्य लागत असेल, तर १०० किलोला अवघे २०० ग्रॅम. तीच २० ग्रॅमची चूक आता दहा टक्क्यांची होते. शिवाय ऊब आणण्यासाठी पिवळ्यात जो तांबडा मिसळायचा असतो, तो या २०० ग्रॅममधील चिमूटभर भाग. तो कमी पडला की छटा लिंबाकडे जाते, जास्त झाला की जर्दाळूकडे. एका ताण्यात दोन लॉटचे सूत आले की चादरीवर उभा पट्टा उठतो आणि तो धुऊन जात नाही.

त्यातही एक गंमत आहे. कापसाचे न धुतलेले सूत मुळात फिकट पिवळेच असते; सरकीची टरफले, नैसर्गिक मेण आणि रंगकण यांमुळे त्याला ती झाक येते. मग वेगळा रंग द्यायचाच कशाला, असे वाटणे स्वाभाविक आहे. पण ही झाक प्रत्येक गाठीत वेगळी असते. जमिनीचा पोत, वेचणीच्या वेळचा पाऊस, कापसाची जात, सगळ्याचा तिच्यावर परिणाम होतो. एकसारखी फिकट पिवळी छटा हवी असेल, तर आधी सूत उकळून, विरंजन करून त्याचे मूळचे पिवळेपण काढून टाकावे लागते आणि मग मोजून मापून नवे पिवळेपण घालावे लागते. हा खर्च नको असेल, तर छटांतील फरक हा दोष न मानता कोऱ्या सुताचा गुण म्हणून विकावा लागतो. हातमागाच्या कापडाच्या बाबतीत शहरी गिऱ्हाईक तो आनंदाने स्वीकारते; यंत्रमागाच्या कापडाला मात्र ही सवलत देत नाही.

निसर्गातून मिळणारे पिवळे पुष्कळ आहेत, पण टिकाऊपणात त्यांच्यात मोठा फरक आहे. हळदीचा पिवळा उन्हात उडतो आणि साबण लागताच तांबडा होतो, हे प्रत्येक लग्नघराला ठाऊक आहे. करडईच्या पाकळ्यांत पिवळा व तांबडा असे दोन रंग असतात. कुसुंबी तांबडा मिळवण्यासाठी पाण्यात सहज विरघळणारा पिवळा आधी धुऊन टाकत. हिरड्याच्या पाण्यात भिजवलेले सुती कापड मात्र लोण्यासारखे फिकट पिवळे होते; कलमकारीच्या कापडाची जमीन अशीच तयार करतात. सोलापूरच्या दृष्टीने सर्वांत जवळचे साधन डाळिंबाची साल. हा जिल्हा डाळिंबाचा; राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्रही २००५ मध्ये येथेच स्थापन झाले. सालीतील टॅनिन तुरटीच्या साह्याने सुती धाग्यावर उबदार पिवळा रंग देते. पाणी पातळ ठेवले की छटा फिकट मिळते आणि हळदीपेक्षा ती उन्हाला पुष्कळ अधिक तग धरते. मात्र भांडे लोखंडाचे असेल तर हाच पिवळा करडा-हिरवट होतो. भांडे पितळेचे असेल, तर ते कल्हई केलेले असावे. रस काढल्यावर उरणारी साल या कामी येऊ शकते. मात्र मोठ्या प्रमाणावर छटा एकसारखी राखणे हा प्रश्न इथेही सुटत नाही.

भिंत, फरशी आणि ऊन

भिंतीसाठी हा रंग सोलापुरात नवा नाही. चुन्यात पिवडी कालवून दिलेला हात, खाली गेरूचा पट्टा आणि हिरव्या किंवा निळ्या रंगाच्या चौकटी, ही जुन्या घरांची रंगसंगती आजही काही गल्ल्यांत दिसते. पिवडी ही पिवळी माती, गेरू ही तांबडी माती. दोघींचा पिवळा-तांबडेपणा लोहाच्या संयुगांचा. त्यामुळे त्या एकमेकींजवळ परक्या वाटत नाहीत. यामागे सौंदर्यदृष्टी होती तशी सोयही होती. येथील उन्हाळ्यात पारा ४३ अंशांच्या पुढे जातो. अशा उन्हात शुभ्र भिंतीवरून परतणारा प्रकाश डोळ्यांना झोंबतो. चुन्यात थोडी पिवडी मिसळली, की भिंत उष्णता जवळजवळ तेवढीच परतवते, पण झळाळी सौम्य होते. गेरूचा पट्टा पावसाचे शिंतोडे आणि पायांचा मळ झाकतो.

आजच्या सदनिकेत हाच रंग निवडताना पहिली गफलत शेडकार्डावर होते. बोटभर तुकड्यावर जो पिवळा हवाहवासा वाटतो, तो चार भिंतींना लागल्यावर बराच गडद दिसतो. कारण एका भिंतीवरचा पिवळा प्रकाश समोरच्या भिंतीवर पडतो, तिथून परत येतो आणि प्रत्येक फेरीत त्यातील निळा भाग थोडा कमी होतो. म्हणून आवडलेल्या छटेपेक्षा एक-दोन पायऱ्या फिकी छटा घ्यावी आणि दोन फूट लांबी-रुंदीचा चौकोन भिंतीवर रंगवून तो सकाळी, दुपारी व दिवे लावल्यावर पाहावा. एका दिवसाचा उशीर झाला तरी चालेल. पुन्हा रंग काढण्याचा खर्च त्याहून मोठा असतो.

फरशीकडे तर बहुतेकांचे लक्षच जात नाही. सोलापूर भागातील जुन्या घरांत शेजारच्या कलबुर्गी जिल्ह्यातील शहाबादी फरशी सर्रास आढळते. तिचा निळसर करडा हा फिकट पिवळ्याचा आदर्श सोबती आहे. त्याच्या शेजारी भिंतीची ऊब आपोआप वाढते. हिरवट कोटा फरशीवरून परतणारा प्रकाश मात्र पिवळ्याला लिंबाकडे नेतो. तेथे गव्हाळाकडे झुकणारी, म्हणजे तांबडा अंश थोडा अधिक असलेली छटा घ्यावी. चकचकीत पांढऱ्या टाइल्स असतील तर भिंतीच्या तळाशी लाकडी किंवा विटकरी पट्टी द्यावी. नाहीतर शुभ्रतेचा तो जुना त्रास इथेही उद्भवतो.

दिव्यांचे आणि या रंगाचे नाते विलक्षण आहे. पिवळसर प्रकाशाच्या, २७०० केल्विन असे लिहिलेल्या एलईडी दिव्याखाली खोलीतील सगळेच पांढरे पिवळसर होते आणि डोळा त्याला सरावतो. मग फिकट पिवळा वेगळा कळेनासा होतो. ६५०० केल्विनच्या पांढऱ्या प्रकाशात तो स्पष्ट दिसतो, पण त्याची ऊब हरपते. दुकानातील पांढऱ्या दिव्यांखाली जुळलेले पडदे आणि उशांचे अभ्रे घरी आल्यावर वेगळे दिसतात, ते याच कारणाने. दोन कापडांत रंगद्रव्ये वेगवेगळी असतील तर एका प्रकाशात ती सारखी आणि दुसऱ्या प्रकाशात भिन्न दिसू शकतात. कापड दुकानाच्या दाराशी, उजेडात नेऊन पाहण्याची जुनी सवय म्हणूनच शहाणपणाची होती. वातानुकूलित दालनांत ती मागे पडली.

अक्षरांखालचा पिवळा

छापील कागदावर व पडद्यावर हा रंग मुख्यतः पार्श्वभूमी म्हणून येतो. लग्नपत्रिकेचा फिकट पिवळा कागद आणि त्यावरची कुंकवाच्या रंगाची अक्षरे ही जोडी केवळ शुभ म्हणून नव्हे, तर वाचनाच्या दृष्टीनेही उत्तम आहे. संकेतस्थळांच्या सुलभतेसाठी जे आंतरराष्ट्रीय निकष वापरले जातात, त्यांत साध्या आकाराचा मजकूर आणि पार्श्वभूमी यांच्या उजळपणाचे गुणोत्तर किमान ४.५ असावे असे सांगितले आहे. कॉर्नसिल्कवर मरून अक्षरे घेतली तर ते सुमारे १० येते, गडद हिरवी घेतली तर ७ च्या जवळपास. सोनेरी अक्षरे मात्र २ च्या आसपासच अडकतात आणि पांढरी तर १ च्या किंचित वर, म्हणजे दिसतच नाहीत. पत्रिकेवरील सोनेरी मजकूर वाचताना ज्येष्ठ मंडळी ती उजेडाकडे तिरकी धरतात, त्यात दोष त्यांच्या चष्म्याचा नसतो. सोनेरी रंग नक्षीला द्यावा. तारीख, वेळ आणि स्थळ मरूनमध्ये छापावे.

छपाईत ऊब आणण्यासाठी पिवळ्या शाईत किरमिजी शाईचे दोन-चार टक्के पुरतात. निळी शाई एक-दोन टक्के जरी शिरली तरी रंग हिरवट होतो, म्हणून या छटेच्या छपाईआधी यंत्राचे रोलर स्वच्छ असणे महत्त्वाचे ठरते. वर्तमानपत्राचा कागद मुळातच करडा-पिवळसर असल्याने त्यावर अगदी फिकी छटा मावळून जाते. तिथे ती टाळलेलीच बरी.

फिकट पिवळ्या चादरी किंवा अभ्रे विकत घेताना संपूर्ण संच एकाच लॉटचा घ्यावा. एक नग नंतर घेऊ म्हटले तर तीच छटा मिळण्याची शाश्वती नसते. धुताना पांढऱ्या कपड्यांसाठीची, उजळक असलेली पावडर वापरू नये आणि नीळ तर मुळीच घालू नये. निळीचा हात लागला की पिवळा हिरवट-करडा होतो. याच रंगद्रव्याच्या गडद छटेपेक्षा फिकट छटा उन्हात लवकर उडते. त्यामुळे चादर सावलीत वाळवावी. अंगणात ऊनच असेल तर अधूनमधून उलटवावी, म्हणजे दोन्ही अंगांचा रंग सारख्याच वेगाने उतरेल.